रीडर घ्यायचा की टॅब? आधी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन या

दिवाळी जवळ आली की मला दोन-तीन फोन ठरलेले. “तुझ्याकडे ते पुस्तकं वाचायचं यंत्र, रीडर, आहे ना, तसलंच घेऊ का? की सरळ टॅबच घेऊ?” मी विचारतो, “वाचणार काय?” पलीकडे जरा शांतता. यंत्रांचे व्हिडिओ बघून झालेले असतात, कंपनीही ठरत आलेली असते. पुस्तकांचा विचार मात्र अजून व्हायचा असतो.

इंग्रजी वाचणाऱ्याचं असं चालून जातं. त्याला हवं ते पुस्तक बहुतेक सगळ्या दुकानांत ई-पुस्तक म्हणून मिळतं, मग यंत्र कुठलं का असेना. आपलं एक पुस्तक ॲमेझॉनच्या किंडल या रीडरवर, दुसरं बुकगंगा या ऑनलाइन पुस्तक-दुकानाच्या ॲपमध्ये, तिसरं कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या स्कॅन पीडीएफमध्ये आणि चौथं अजून माळ्यावरच्या ट्रंकेत. म्हणून मराठी वाचकानं पुस्तकांपासून सुरुवात करून यंत्रापर्यंत यावं, असं माझं मत आहे. दोन रीडर, एक स्वतःचा टॅब आणि एक वडिलांचा टॅब सांभाळल्यावर झालेलं मत आहे, त्यामुळे जरा ठाम आहे.

पायरी १ : दहा पुस्तकं लिहून काढा

येत्या सहा महिन्यांत खरोखर वाचायची दहा पुस्तकं कागदावर लिहा. ‘रिटायर झाल्यावर वाचू’ छापाची नकोत. मग प्रत्येकापुढे ते डिजिटल रूपात कुठं मिळतं ते शोधून लिहा. एका संध्याकाळचं काम आहे.

शोधायच्या जागा फार नाहीत. किंडलच्या दुकानात २०१६ च्या डिसेंबरापासून मराठीचं स्वतंत्र दालन आहे; नवी पुस्तकं आणि मोठ्या प्रकाशकांची बरीच जुनी पुस्तकं तिथं सापडतात. बुकगंगावर मराठी ई-पुस्तकांचा साठा मोठा आहे, पण ती त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, हे यादीत ठळक लिहून ठेवा. पुढे निर्णय त्यावर फिरणार आहे. ई साहित्य प्रतिष्ठान मोफत पीडीएफ देतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपल्या कितीतरी प्रकाशनांच्या पीडीएफ संकेतस्थळावर ठेवल्या आहेत, आणि संदर्भग्रंथांची हौस असेल तर तिथं दिवस कसा जातो कळत नाही. जुन्या, हक्कमुक्त पुस्तकांसाठी मराठी विकिस्रोत आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी लेखन हक्कमुक्त होतं. तशी पुस्तकं तिथं स्वयंसेवक टंकून, तपासून ठेवतात आणि ती ईपब म्हणून उतरवता येतात. ईपब म्हणजे काय आणि त्याचं एवढं कौतुक का, ते पुढच्याच पायरीत. यांपैकी कुठंच नसलेलं पुस्तक बरेचदा इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेलं असतं, पिवळ्या पानांसकट, ग्रंथालयाच्या शिक्क्यासकट आणि कधीकधी स्कॅन करणाऱ्याच्या अंगठ्यासकट.

पायरी २ : फाइल वाहती आहे की गोठलेली, ते बघा

ई-पुस्तकांचे दोनच प्रकार लक्षात ठेवा. एकात मजकूर वाहता असतो. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्यानं मोडतात, स्क्रीन लहान असली तर पानं वाढतात. ईपब हा त्यातला सर्रास प्रकार, आणि किंडलच्या दुकानातली पुस्तकं बहुतेक याच स्वभावाची. दुसऱ्यात पान गोठलेलं असतं, ते म्हणजे पीडीएफ. छापताना जे पान जसं होतं तसंच राहणार. अक्षर मोठं करायला गेलात की अख्खं पान मोठं होऊन स्क्रीनबाहेर पळतं, आणि मग प्रत्येक ओळीमागे बोटानं पान डावीकडून उजवीकडे सरकवत बसायचं.

“पीडीएफचं ईपब करून घेतो की!” असं एखादा उत्साही भाचा म्हणतोच. इंग्रजी पुस्तकाचं बऱ्यापैकी जमतं. आपल्याकडे अडचण अशी की युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर अक्षरांना एकच संकेत देणारी पद्धत, रुळायच्या आधी, आणि नंतरही बरीच वर्षं, मराठी पुस्तकं श्रीलिपीसारख्या फाँटांत जुळवली गेली. पडद्यावर ‘महाराष्ट्र’ दिसतं, पण संगणकाच्या लेखी तिथं रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. पीडीएफमधली एक ओळ निवडून स्वतःलाच व्हॉट्सॲप करून बघा. तिकडे शिव्यांसारखी चिन्हं उमटली तर त्या फाइलचं सरळ रूपांतर होणार नाही. स्कॅन केलेल्या फाइलमध्ये तर अक्षरं नसतातच, पानाचा फोटो असतो. फोटोतून मजकूर काढता येतो; गूगल ड्राइव्हमधली पीडीएफ गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठीही ओळखली जाते. पण नंतर चुका दुरुस्त करत बसावं लागतं. दहा-वीस पानांच्या लेखाला ठीक, चारशे पानी कादंबरीला अजिबात नाही.

आता यादीपुढे आणखी एक खूण करा : वाहतं, गोठलेलं, की ‘फक्त ॲपमध्ये’. दहातली सात-आठ पुस्तकं वाहती निघाली तर लहान ई-इंक रीडर, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचा, तुमच्यासाठीच बनला आहे. निम्म्याहून जास्त गोठलेली निघाली तर पुढची पायरी केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

पायरी ३ : झेरॉक्सच्या दुकानात ५७ टक्के

दुकानात रीडर हातात घेतला की पडदा पुरेसा वाटतो, कारण तिथं कंपनीनं निवडलेलं इंग्रजी पान उघडलेलं असतं. आपलं पान त्यावर कसं दिसेल ते बघायचं असेल तर हा उपाय करा.

आपली बरीचशी कथा-कादंबऱ्यांची पुस्तकं डेमी आकाराची, म्हणजे साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असतात. रीडरचा ‘६ इंच’ हा आकार टीव्हीसारखाच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलेला असतो. प्रत्यक्षात पडदा जेमतेम ९ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच. डेमीचं अख्खं पान त्यावर बसवायचं तर ते ५७ टक्क्यांपर्यंत आकसतं. कपाटातलं एखादं डेमी पुस्तक घ्या, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा आणि एका पानाची ५७ टक्क्यांवर प्रत काढायला सांगा. दोन-चार रुपयांत तुमच्या हातात त्या पीडीएफचं ६ इंची रूप येतं. घरी नेऊन रोजच्या दिव्याखाली, रोजच्या चष्म्यानं वाचून बघा. बारा पॉइंटचं अक्षर सात पॉइंटच्याही खाली गेलेलं असतं. रोमन लिपीत एवढं अक्षर एक वेळ वाचता येतं; आपल्या वेलांट्या, रफार आणि उकार त्यात पार चिरडतात.

हाच हिशेब इतर पडद्यांना लावला तर ७ इंची रीडरवर डेमी पान ६६ टक्के दिसतं, ८.७ इंची टॅबवर ८१ टक्के, आणि १०.३ इंची ई-इंकवर ९७ टक्के, म्हणजे जवळपास छापल्याइतकं. १०.९ इंची आयपॅडवर ते पूर्ण मावतं आणि कडेला जागाही उरते. सरकारी अहवाल, प्रबंध वगैरे ए-फोर आकाराच्या फाइली मात्र १०.३ इंचावरही ७० टक्क्यांवर येतात.

६ इंची रीडर आधीच घेऊन बसला असाल तर थोडी सुटका आहे. यंत्र आडवं धरा. पान रुंदीत बसतं आणि ८८ टक्के दिसतं. एका पानासाठी दोन-तीनदा पुढे जावं लागतं एवढंच. शिवाय पानाच्या चारी बाजूंचे समास आधीच कापून टाकले तर आणखी फरक पडतो. जुन्या पुस्तकांना समास भरघोस असायचे, त्याचा इथं फायदा.

पडदा नेमका कसा चालतो

ही पायरी नव्हे, पण हे माहीत असलं की विक्रेत्याची निम्मी वाक्यं आपोआप गळून पडतात.

ई-इंकच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येकीत पांढरे आणि काळे कण, एकमेकांच्या उलट विद्युतभाराचे. वीज एका दिशेनं दिली की काळे वर येतात, उलट दिली की पांढरे. एकदा वर आले की वीज बंद केली तरी तिथंच बसून राहतात. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या मंडळींनी १९९७ साली या कल्पनेवर ई इंक नावाची कंपनी काढली. २००४ साली सोनीनं जपानमध्ये तसला रीडर विकायला आणला आणि २००७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत किंडल आला. पान बदलतानाच वीज लागते म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते. ‘सहा आठवडे’ या जाहिरातीतली मेख मात्र तळटिपेत असते : रोज अर्धा तास वाचन, वाय-फाय बंद. म्हणजे एकूण २१ तास. रोज दोन तास वाचणाऱ्याला दहा दिवसांनी चार्जर शोधावा लागणार. तरीही टॅबच्या दहा तासांपुढे हे उत्तमच, फक्त सहा आठवडे म्हणून गावाला जाताना वायर घरी ठेवू नका.

अंधारात वाचण्यासाठी आता जवळपास सगळ्या रीडरांना दिवे असतात, पण ते पडद्याच्या कडेला असतात आणि उजेड अक्षरांवर पसरतो. टॅबमध्ये उजेड पडद्यातूनच थेट डोळ्यांत येतो. खरा फरक उन्हात कळतो. दुपारी बारा वाजता एसटी स्टँडवर टॅबमध्ये आपलाच चेहरा दिसतो. रीडरवर ऊन जितकं जास्त तितकं अक्षर स्पष्ट.

आता रीडरचे दोष, जे जाहिरातीत नसतात. पार्श्वभूमी कागदासारखी पांढरी नसून राखाडीकडे झुकलेली असते. पान बदलताना क्षणभर काळं-पांढरं लुकलुकतं, आणि कधी आधीच्या पानाच्या पुसट सावल्या मागे राहतात. बोटानं पीडीएफ मोठी-लहान करायला गेलात तर यंत्र इतकं रेंगाळतं की तुम्हीच नाद सोडता. रंगीत ई-इंक आता मिळते, पण तिच्या सध्याच्या सर्रास पडद्यांवर काळं अक्षर इंचाला ३०० ठिपक्यांत आणि रंग त्याच्या निम्म्या, १५० ठिपक्यांत उमटतात. शिवाय रंगाच्या थरामुळे पडदा आणखी काळपट होतो. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि मुलांची चित्रांची पुस्तकं यांसाठीच यंत्र घ्यायचं असेल तर टॅबच घ्या.

डोळ्यांचं काय?

“टॅबनं डोळे जातात” हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची मोठी संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी, स्पष्ट सांगते की अशा पडद्यांतल्या निळ्या प्रकाशानं डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही, आणि निळा प्रकाश अडवणारे चष्मे ती सुचवत नाही. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो म्हणून, आणि एकाच अंतरावर फार वेळ नजर खिळवतो म्हणून. हे रीडरवरही होऊ शकतं. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघा, असं डॉक्टर सांगतात ते याचसाठी. वीस फूट मोजत बसू नका, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचं वाळत घातलेलं धुणं बघितलं तरी चालतं.

झोपेचं मात्र थोडं वेगळं आहे. २०१४ च्या डिसेंबरात हार्वर्डशी संबंधित संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ जणांना काही रात्री आयपॅडवर आणि काही रात्री छापील पुस्तक असं झोपण्यापूर्वी वाचायला दिलं. आयपॅडच्या रात्री त्यांना झोप उशिरा लागली. पण ते चार-चार तास वाचत होते आणि पडद्याची प्रखरता पूर्ण वाढवलेली होती, हेही ध्यानात घ्या. एवढ्याशा अभ्यासावर टॅब फेकून द्यायला नको; रात्री प्रखरता खाली आणावी हे खरं.

पायरी ४ : आता निवडा

मराठीतली नवी पुस्तकं आणि इंग्रजी कादंबऱ्या किंडलवर विकत घेऊन वाचणार, प्रवासात वाचणार, तर ६ किंवा ७ इंची रीडर. २०२२ चा साधा ६ इंची किंडल १५८ ग्रॅमचा आहे. बदलापूर लोकलमध्ये एका हातानं वरची दांडी धरून दुसऱ्या हातात तो तासभर तोलता येतो. पावणेपाचशे ग्रॅमचा आयपॅड अंबरनाथ येईपर्यंत जड होतो, आणि लोकांच्या नजराही त्याच्यावर. पावसाळ्यात भिजायची भीती असेल आणि रात्री पिवळसर उजेड हवा असेल तर साध्या किंडलऐवजी पेपरव्हाइट बघा. पाण्यापासून बचाव त्याला २०१८ पासून आहे, उजेडाचा पिवळेपणा २०२१ पासून.

यादीत बुकगंगाची खूण जास्त असेल तर किंडल विसरा. तिथं अँड्रॉइडचा टॅब किंवा आयपॅडच लागेल. अँड्रॉइडवर चालणारे ई-इंक रीडरही असतात, ऑनिक्स कंपनीचे बूक्स त्यातले. त्यांवर ॲप टाकता येतात, पण ॲप बनवणाऱ्यांनी मंद, काळ्या-पांढऱ्या पडद्याचा विचार केलेला नसतो, त्यामुळे यादी खालीवर सरकवताना चिडचिड होते. धीर असलेल्या माणसाचं काम. शिवाय बूक्स काय किंवा कोबो कंपनीचा रीडर काय, घेण्याआधी भारतात दुरुस्ती कोण करणार ते विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्या.

स्कॅन आणि पीडीएफच जास्त असतील तर दोनच प्रामाणिक उत्तरं : दहा इंचाच्या आसपासचा टॅब, किंवा खिसा मोठा असेल तर १०.३ इंची ई-इंक. संशोधन करणाऱ्यांना, समासात टिपणं काढणाऱ्यांना दुसरा पर्याय भावतो, कारण त्यावर पेननं लिहिता येतं. बाकीच्यांना टॅब पुरतो. आणि टॅबवर एक सोय अशी की अडलेला जुना शब्द लगेच मोल्सवर्थच्या कोशात बघता येतो. १८५७ ची ती आवृत्ती शिकागो विद्यापीठानं ऑनलाइन ठेवली आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी घेत असाल तर माझा अनुभव ऐका. बाबा सांगलीला असतात, वय ७८, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी मोठ्या प्रेमानं माझा जुना ६ इंची रीडर त्यांना दिला. चार दिवसांनी त्यांचा फोन : “अरे, यात पान सुरू होतं न होतं तोच संपतं.” त्यांना लागतं तेवढं अक्षर ठेवल्यावर पानावर चाळीसेक शब्द उरत होते. दुसरी तक्रार अशी की पुस्तक किती उरलंय ते हाताला कळत नाही. दुसरीवर माझ्याकडे इलाज नव्हता. पहिलीसाठी मोठा टॅब दिला, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर करून दिलं आणि आता दिवाळी अंकाच्या पीडीएफ ते मलाच पाठवतात. ज्यांची नजर कमी झाली आहे त्यांना राखाडी पडद्यापेक्षा टॅबचा ठसठशीतपणा मानवतो. डोळे थकले की टॅब वाचूनही दाखवतो. गूगलचा मराठी आवाज सपाट आहे, पण समजतो.

आणि मुळात रोज पाच पानंही वाचून होत नसतील तर काहीच घेऊ नका. फोनमध्ये रीडएरासारखं मोफत ॲप टाका, विकिस्रोतावरून एक ईपब उतरवा आणि महिनाभर वाचा. पुस्तक संपलं तर पुढचं बोलू.

पायरी ५ : खोक्यातून काढल्याबरोबर ही ओळ वाचा

यंत्र हातात आलं की आधी मराठी नीट उमटतं का ते तपासा. एक साधी मजकुराची फाइल बनवा, तिच्यात पुढची ओळ लिहा आणि यंत्रावर उघडा :

‘कऱ्हाडच्या दुसऱ्या वाऱ्यानं उद्ध्वस्त वाङ्मय, शृंगाराची क्लृप्ती, ज्ञानाचं ॲप.’

अर्थ विचारू नका. ‘ऱ्हा’ आणि ‘ऱ्या’मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र मोडून नुक्ता आणि पायमोडका र असं काही दिसतंय का? ‘ङ्म’ सुटा पडलाय का? ‘ॲ’च्या जागी रिकामी चौकट आहे का? ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फाँटांत ते नसतंच. ल आणि श हिंदी वळणाचे दिसले तर तो दोष नव्हे, पण डोळ्याला खुपतात. किंडल आणि कोबो दोन्हींत ‘फाँट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये बाहेरचा फाँट टाकता येतो. आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ किंवा मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या मंडळींचा ‘मुक्त’ मोफत मिळतो. शोभिका पुस्तकी वळणाचा आहे, लांब वाचनाला मला तोच बरा वाटतो. फाँट बदलल्यावर वरची ओळ पुन्हा तपासा. एखादं जोडाक्षर नव्यानं रुसू शकतं.

पायरी ६ : मांडणी जुळवा

इंग्रजीसाठी ठेवलेल्या आकारापेक्षा मराठी अक्षर एक-दोन पायऱ्या मोठं ठेवा आणि दोन ओळींतलं अंतरही वाढवा, कारण खालच्या ओळीची वेलांटी आणि वरच्या ओळीचा उकार एकमेकांना भिडतात. मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवायची सोय बंद करा. ‘स्वातंत्र्योत्तरकालीन’सारखा शब्द लहान पडद्यावर पुढच्या ओळीत गेला की मागच्या ओळीत दोन शब्दांमध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा पडते. डावीकडून सरळ, उजवीकडे वेडंवाकडं, हेच वाचायला सुखाचं.

टॅबवर आणखी दोन गोष्टी. एक, पडद्याची प्रखरता अशी ठेवा की शेजारी धरलेल्या कागदाइतकाच पडदा उजळ दिसेल; कागदापेक्षा तो दिव्यासारखा वाटला तर जास्त झाली. दोन, वाचताना ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. टॅबचा खरा तोटा उजेडात नाहीच, तो वरून टपकणाऱ्या निरोपांत आहे. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची चर्चा सुरू झाली की कुठलंही प्रकरण पुढे सरकत नाही.

पायरी ७ : पुस्तकं आत घाला

विकत घेतलेली पुस्तकं खात्यातून आपोआप येतात. बाहेरच्या ईपबसाठी मात्र किंडलचा एक हट्ट आहे : वायरनं थेट टाकलेलं ईपब तो उघडत नाही. ॲमेझॉनच्या ‘सेंड टू किंडल’ पानावर फाइल चढवा, तिथून ती रूपांतर होऊन यंत्रावर येते. पानावरून २०० एमबीपर्यंतची फाइल चालते, ईमेलनं ५० एमबीपर्यंतची. स्कॅन पीडीएफ या मर्यादेला पटकन धडकतात. कोबोवर ईपब वायरनं सरळ टाकता येतं. फाइलींची संख्या वाढली की त्या नीट लावून ठेवायला संगणकावर कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात एक काम आवर्जून करा : पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव देवनागरीत, एकाच पद्धतीनं लिहा. नाहीतर एकच लेखक आडनाव आधी, आडनाव नंतर आणि रोमन लिपीत असा तीन ठिकाणी राहायला जातो.

एक ध्यानात ठेवा की किंडलवर घेतलेलं पुस्तक सहसा किंडलच्या घरातच राहतं. २०२५ च्या फेब्रुवारीपासून ते संगणकावर उतरवून ठेवायची सोयही बंद झाली आहे. पुन्हापुन्हा वाचायचं, मुलांना द्यायचं असं पुस्तक असेल तर मी अजूनही छापीलच घेतो.

परदेशातून कुणी यंत्र आणून देणार असेल तर तिकडचा किंडल इथल्या खात्याला जोडता येतो. फक्त घेणाऱ्याला सांगा की जाहिरातींवाला स्वस्त प्रकार नको, नाहीतर सांगलीत बसून अमेरिकन जाहिराती बघायची वेळ येऊ शकते.

शेवटची पायरी : कव्हर

हे मी शिकलो ते असं. पाठीवरची सॅक, तिच्यात जेवणाचा स्टीलचा डबा, डब्याला टेकून रीडर. कल्याणला गर्दीत मागून दाब आला. ऑफिसात पोचून उघडतो तर वरच्या अर्ध्या पानावर मजकूर आणि खालच्या अर्ध्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. वरची काच अगदी शाबूत होती. ई-इंकच्या पडद्याखाली काचेचा पातळ थर असतो, तो आतल्या आत तडकतो, आणि नवा पडदा बसवायचा खर्च जवळपास नव्या यंत्राएवढा येतो. टॅबची वरची काच फुटली तर कोपऱ्यावरचा मोबाइलवालाही बदलून देतो, इथं तसं नाही. तेव्हा कडक पाठीचं, समोरून झाकणारं कव्हर यंत्राबरोबरच मागवा. मऊ कापडी पिशवी डब्याच्या कोपऱ्यापुढे टिकत नाही.